पंचनाम्याचा कागद कुणाच्या हातात?

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय.)



आज कविता वाचणार नाही. आज कायद्यावर बोलणार आहे. गोदीतल्या हमालानं, दहावी पास माणसानं कायद्यावर बोलायचं, हे काही जणांना गंमतीचं वाटेल. वाटू द्या. कायदा समजून घ्यायला काळा कोट लागतोच असं नाही. कायद्याचा मार पाठीवर बसला की तो बऱ्यापैकी समजतो.

विषय एका ओळीत सांगतो. राज्य चालवणाऱ्यावर आरोप झाला तर त्याची चौकशी कोण करणार, आणि त्या चौकशी करणाऱ्याची मान कुणाच्या हातात असणार?

तुम्ही म्हणाल, हा दिल्लीवाल्यांचा विषय. आपल्याकडं पाणी नाही, नोकरी नाही, खोली कधी तुटेल सांगता येत नाही, आणि हा मंत्र्यांच्या चौकशीचं काय घेऊन बसला? सांगतो. आपल्या पोराला मोबाईल चोरला म्हणून चौकीत नेतात तेव्हा चौकशी करायला कुणाची परवानगी लागते? कुणाची नाही. फायलीवर कुणाची सही लागते? कुणाची नाही. हवालदार येतो, कॉलर धरतो, नेतो. आणि ज्याच्या सहीनं शंभर कोटींचं टेंडर फिरतं, त्याची साधी विचारपूस करायची तर आधी सरकारची परवानगी. म्हणजे देशात चौकशीच्या दोन जाती आहेत. एक खालच्यांची, एक वरच्यांची. जातीवर बोलायचा हक्क आपल्याइतका कुणाला आहे?

आता गोदीतली एक गोष्ट ऐका. जहाजातून माल उतरतो तेव्हा तो मोजला जातो. त्याला टॅली म्हणतात. जहाजवाल्याचा टॅली क्लार्क वेगळा, धक्क्यावरचा वेगळा. दोघं एकच माल मोजतात. का? कारण एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. यात कुणाला अपमान वाटत नाही. जहाजाचा कॅप्टन म्हणत नाही की माझ्यावर संशय घेता, मी केवढा मोठा माणूस! ज्याचा माल त्याच्याच माणसानं मोजला तर ती मोजणी होत नाही, हे व्यापाऱ्यांना कधीच कळलंय. देशाचं मात्र अजून घोडं अडलेलं. दहा पोती सिमेंटला दोन टॅल्या, आणि सगळ्या देशाच्या तिजोरीला एकच, तीही मालकाची.

मालकानंच चौकशी केली की काय निघतं तेही बघितलंय. आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावर लोखंडी कॉइल सरकली. स्लिंगचा तार झिजलेला होता, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेला. ठेकेदारानं चौकशी लावली. चौकशी करणारा ठेकेदाराच्याच पगारावर. तार बदलायची जबाबदारीही ठेकेदाराचीच. कागदावर आलं: कामगाराने पुरेशी सावधगिरी बाळगली नाही. कागद खोटा होता, पण त्या साहेबाला खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. त्याला पगार कुठून येतो ते ठाऊक होतं. माझा सगळा विषय या एवढ्यात आहे. ढवळाढवळ म्हणजे दर वेळी कुणी फोन करून दम देतो असं नाही. मान ज्याच्या हातात, त्याला दम द्यावाच लागत नाही.

आता मोठ्या गोष्टी घेऊ. पहिली आपल्या मुंबईची.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली. त्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळली. सरकारी आकड्यानं नऊशे माणसं मेली. जानेवारी १९९३ मध्ये तेव्हाच्या सरकारनं हायकोर्टाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. साक्षी सुरू झाल्या. वस्तीतली माणसं उभी राहिली, पोलीस उभे राहिले, उलटतपासण्या झाल्या. शिवसेनेची आणि पोलिसांची भूमिका तपासली जात होती. मार्च १९९५ ला सरकार बदललं. सत्तेवर आली शिवसेना आणि भाजप. आणि जानेवारी १९९६ मध्ये त्या सरकारनं आयोगच गुंडाळला. कारण काय दिलं? फार वेळ लागतोय, जुन्या जखमा उकरल्या जातायत.

बघा, ज्या पक्षाची चौकशी चालू, त्याच पक्षाचं सरकार चौकशी बंद करतं. आणि ते बेकायदेशीर नव्हतं! १९५२ चा चौकशी आयोगाचा कायदा सरकारलाच आयोग नेमायचा हक्क देतो आणि सरकारलाच तो संपवायचा हक्क देतो. न्यायमूर्ती कितीही ताठ कण्याचा असो, त्याच्या खुर्चीचे पाय सरकारच्या हातात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

लोक ओरडले. वर्तमानपत्रं ओरडली. मे १९९६ ला दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं, तिकडूनही सांगणं आलं, आणि त्या महिन्याच्या शेवटी आयोग पुन्हा उभा राहिला. पण जाता जाता कामात भर घातली. मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही तपासा म्हणाले. फेब्रुवारी १९९८ ला अहवाल सरकारला मिळाला. कायदा म्हणतो सहा महिन्यांत तो विधिमंडळापुढं ठेवा. सहा महिने संपत आले तेव्हा, ऑगस्टमध्ये, तो ठेवला, आणि सोबत सांगितलं की आम्हाला हे निष्कर्ष मान्य नाहीत. अहवालात शिवसेनेच्या नेत्यांवर ठपका होता, एकतीस पोलिसांवर ठपका होता. आयोगाला शिक्षा देता येत नाही. त्याचं म्हणणं सरकारवर बंधनकारक नाही. शेवटी तो अहवाल नागरिकांच्या गटांनी स्वतः छापून लोकांच्या हातात दिला.

यातून दोन गोष्टी गाठीला बांधा. एक, चांगला माणूस नेमला म्हणून चौकशी सुरक्षित होत नाही. दोन, बंद केलेली चौकशी परत उघडली ती कायद्याच्या कलमानं नाही, लोकांच्या बोंबेनं.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. तिथला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन. १७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत घुसलेली पाच माणसं पकडली गेली. धागा निक्सनच्या माणसांपर्यंत पोचला. मे १९७३ ला आर्चिबाल्ड कॉक्स नावाचा विशेष वकील नेमला गेला. जुलैत उघड झालं की निक्सन स्वतःच्या कचेरीतलं सगळं बोलणं टेपवर घेतो. कॉक्स म्हणाला, टेपा द्या. निक्सन म्हणाला, देत नाही. कॉक्स मागं हटेना.

२० ऑक्टोबर १९७३, शनिवारची रात्र. निक्सननं आपल्या ॲटर्नी जनरलला, इलियट रिचर्डसनला हुकूम दिला: कॉक्सला काढ. रिचर्डसननं सिनेटला शब्द दिला होता की गंभीर गैरवर्तन असल्याशिवाय कॉक्सला हात लावणार नाही. त्यानं राजीनामा दिला. त्याच्या खालच्याला, विल्यम रकल्सहाउसला हुकूम गेला. त्यानंही नकार दिला, त्याचीही खुर्ची गेली. तिसऱ्यानं, रॉबर्ट बोर्कनं, कॉक्सला काढलं. त्याच रात्री कॉक्सच्या कचेरीला एफबीआयच्या माणसांनी टाळं लावलं. अमेरिकेत त्या रात्रीला शनिवारच्या रात्रीचं हत्याकांड म्हणतात.

मग काय झालं? लोकांनी तारांचा पाऊस पाडला. संसदेत निक्सनला काढायच्या हालचाली सुरू झाल्या. बारा दिवसांत निक्सनला नवा विशेष वकील नेमावा लागला, लिऑन जॉवर्स्की, आणि या वेळी अट आली की संसदेतल्या दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांची संमती असल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. जॉवर्स्की टेपांसाठी सुप्रीम कोर्टात गेला. २४ जुलै १९७४ ला आठही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, टेपा द्या. त्यातले काही न्यायाधीश खुद्द निक्सननं नेमलेले. ९ ऑगस्टला निक्सन घरी.

मी अमेरिकेची आरती ओवाळत नाही. तिथल्या काळ्या भावांना विचारा तिथला कायदा कुणाला कसा लागतो ते. पण एक दोरा पकडा. एका माणसाच्या आधीच दिलेल्या शब्दानं, दोन माणसांच्या नकारानं आणि लोकांच्या रेट्यानं चौकशी वाचली. पुढं, १९७८ ला, त्यांनी कायदा केला की विशेष वकील न्यायाधीशांनी नेमायचा.

तिसरी गोष्ट आपल्या दिल्लीची. तीही ऑक्टोबरची, तीही रात्रीची. २३ ऑक्टोबर २०१८. सीबीआयचे संचालक आलोक वर्मा आणि त्यांच्या खालचे राकेश अस्थाना यांच्यात जुंपली होती. दोघं एकमेकांवर लाचखोरीचे आरोप करत होते. मध्यरात्री सरकारनं दोघांनाही रजेवर पाठवलं. नवा हंगामी संचालक बसवला. सकाळ झाली तशा बदल्यांच्या ऑर्डरी निघाल्या. अस्थानांवरच्या गुन्ह्याचा तपास करणारा अधिकारी थेट अंदमानात, तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरला. दोघांत खरा कोण, खोटा कोण, ते मी ठरवत नाही. माझा सवाल साधा आहे. संचालकाला दोन वर्षांची मुदत कायद्यानं दिलेली. पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची समिती त्याला निवडते. त्या समितीला न विचारता त्याला मध्यरात्री कोण हलवतं?

८ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलं: समितीला न विचारता असं करता येत नाही. वर्मा खुर्चीवर परत आले. दोन दिवसांत, १० जानेवारीला, समिती बसली आणि दोन विरुद्ध एक मतानं त्यांना हलवलं. न्याय मिळाला, मित्रांनो, दोन दिवसांचा.

आता तुम्ही म्हणाल हा एकाच पक्षाचा दोष. अजिबात नाही. २०१३ साल आठवा. सरकार काँग्रेसचं. कोळशाच्या खाणी वाटल्या त्याचा तपास सीबीआय करत होती, सुप्रीम कोर्टाच्या देखरेखीखाली. तपासाच्या अहवालाचा मसुदा कोर्टात जायच्या आधी कुणी वाचला? कायदामंत्र्यानं. पंतप्रधानांच्या कचेरीतल्या आणि कोळसा खात्याच्या अधिकाऱ्यांनी. त्यात बदलही झाले. ज्या खात्याची चौकशी, त्याच खात्याचा माणूस पेपर तपासायला! कोर्टानं सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं. कायदामंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. लोक पोपटावर हसले. मी पोपटावर हसत नाही. पोपट कुणी धरला, पिंजरा कुणी केला, डाळिंबाचे दाणे कोण टाकतं, ते विचारतो.

पिंजरा कसा झाला ते ऐका. १९४१ साली इंग्रजांनी युद्धखात्यातली लाचखोरी शोधायला एक खास पोलीस पथक काढलं. १९४६ ला त्याला कायदा मिळाला. १ एप्रिल १९६३ ला गृहखात्याच्या एका ठरावानं त्याची सीबीआय झाली. ठरावानं! संसदेनं सीबीआयसाठी म्हणून वेगळा कायदा केला नाही. जुन्या कायद्याचा सदरा, त्यावर ठरावाचं ठिगळ.

त्यात परवानगीचं दार. सरकारनं एक आदेश काढून ठेवला होता की मोठ्या अधिकाऱ्यांची चौकशी करायची तर आधी सरकारला विचारा. जैन हवाला प्रकरणात, १८ डिसेंबर १९९७ ला, विनीत नारायण खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो आदेश रद्द केला आणि संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत द्या म्हणाले. २००३ ला संसदेनं तेच दार कायद्यात घालून परत बसवलं: जॉइंट सेक्रेटरी आणि त्यावरच्यांसाठी परवानगी. मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं ते परत तोडलं, म्हणाले, भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात अधिकाऱ्यांची अशी वर्गवारी समतेत बसत नाही. २०१८ ला भ्रष्टाचारविरोधी कायद्यात सतरा-अ कलम घातलं: कुठल्याही सरकारी नोकरानं कामकाजात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी परवानगी. कोर्टानं दार तोडायचं, सरकारनं नवं बसवायचं. सुतार तोच, लाकूडही तेच.

आणि मुदत? २०२१ ला कायदा बदलला. दोन वर्षांनंतर संचालकाला एकेक वर्ष वाढवत पाच वर्षांपर्यंत ठेवता येईल. ऐकायला गोड, मुदत वाढली! पण आपण ठेक्यावरची माणसं. आपल्याला विचारा. एकदम पाच वर्षं देणं वेगळं आणि वर्षावर्षाला गेटपास रिन्यू करणं वेगळं. ज्याचा गेटपास पुढल्या महिन्यात संपतो तो मुकादमाच्या तोंडावर बोलत नाही. संचालकाचा पगार लाखात असेल, आपला हजारात, पण मान त्याच दोरीत.

इथं बाबासाहेबांची आठवण काढतो, आणि ती हार घालायला काढत नाही. संविधान सभेत त्यांनी हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे महालेखापरीक्षकाला, घटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. कलम १४८ वाचा. त्याला काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला काढायची जी रीत तीच. निवृत्तीनंतर त्याला सरकारी पद घेता येत नाही, म्हणजे पुढच्या खुर्चीच्या आशेनं आत्ता मान झुकायला नको. त्याच्या कचेरीचा खर्च संसदेच्या मतावर टाकलेला नाही. जून १९४९ ला निवडणूक आयोगावर बोलताना त्यांनी हेही कबूल केलं की मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये याची सोय घटनेत नाही. म्हणजे धोका त्यांनी तेव्हाच बघितला होता. पैसा मोजणाऱ्याला कुंपण मिळालं. गुन्हा तपासणाऱ्याला ते मिळालं नाही. ते काम आपल्या वाट्याला राहिलंय.

आता हरकती घेऊ. मीच घेतो, तुमचा वेळ वाचेल.

पहिली हरकत पुढाऱ्यांची. मला लाखो लोकांनी निवडून दिलंय, हा कोण न निवडलेला अधिकारी मला विचारणारा? माझं उत्तर असं. लोकांनी तुला राज्य करायला निवडलं. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश व्हायला निवडलं नाही. मत म्हणजे धुलाईची पावडर नव्हे.

दुसरी हरकत तुमच्यातल्याच काही जणांची. अरे, या एजन्स्या विरोधकांवर सोडल्या जातात, आणि तू त्यांनाच आणखी मोकळं करायला सांगतोस? मित्रा, हेच तर सांगतोय. पट्टा ज्याच्या हातात, तो ओढला की कुत्रं थांबतं, सोडला की चावतं. मालकाच्या माणसावर भुंकत नाही आणि दुसऱ्याच्या माणसाची पोटरी सोडत नाही, हे एकाच पट्ट्याचे दोन गुण. दोन्ही थांबवायचं तर पट्टा काढावा लागतो. आपल्या महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० ला एका सरकारनं सीबीआयला दार बंद केलं, ऑक्टोबर २०२२ ला दुसऱ्या सरकारनं उघडलं. दोघांनीही विचारलं नाही की दार उघडं कधी असावं याचा पक्का नियम कुठंय. माझ्यावर येणार असेल तर बंद, तुझ्यावर जाणार असेल तर उघडं.

तिसरी हरकत वजनदार आहे. चौकशी करणाऱ्यावर कुणाचाच हात नसेल तर तोच हुकूमशहा होईल. खरं आहे. अमेरिकेत १९९४ ला केनेथ स्टार विशेष वकील झाला. जमिनीच्या व्यवहाराची चौकशी करत करत राष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या शय्यागृहापर्यंत पोचला. दोन्ही पक्ष वैतागले आणि १९९९ ला तो १९७८ चा कायदा मुदत संपल्यावर तसाच मरू दिला. म्हणून मी म्हणतो, स्वतंत्र म्हणजे मोकाट नाही. विषय लिहून द्या. मुदत द्या. अहवाल लोकांपुढं मांडायला लावा. अटक केली, झडती घेतली तर कारण कोर्टाला सांगायला लावा. लगाम असावा, पण तो कोर्टाच्या आणि कायद्याच्या हातात. ज्याची चौकशी त्याच्या हातात नको.

चौथी हरकत कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. उद्या आपला माणूस मंत्री झाला आणि त्याच्यावर चौकशी लागली तर? आपल्यातला, आपल्या वस्तीतला, निळ्या झेंड्याखाली वाढलेला. तेव्हा आपण काय करणार? मला माहीत आहे काय होईल. फोन येतील. गाड्या येतील. पोरांनो, समाजावर हल्ला झालाय, रस्त्यावर या!

थोडा विचार करा. आपल्या माणसाला जातीवरून टिपून काढतात हे खोटं नाही. त्याच खात्यातले दहा जण खातात आणि पकडला जातो एक, तो आपला, हेही बघितलंय. तेव्हा ओरडलंच पाहिजे. पण ओरडायचं काय? आमच्या माणसाला सोडा, असं? की त्या दहांचीही चौकशी करा, आणि कुणाच्या मुठीत नसलेल्या माणसाकडून करा, असं? पहिली मागणी केली की आपण त्यांच्यातलेच एक झालो. मग पुढल्या वेळी खैरलांजीसारखं काही घडलं आणि आपण म्हणालो की तपास दाबला जातोय, तर आपलं तोंड कुठल्या तोंडानं उघडणार? २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी बजावून ठेवलंय की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. त्यांनी त्यात आपल्याला सूट दिलेली नाही.

वसतिगृहाचा पैसा, शिष्यवृत्तीचा पैसा, समाजकल्याणाचा पैसा ज्यानं खाल्ला त्यानं आपल्याच पोराचं ताट पळवलं. खाणाऱ्याचं आडनाव आपल्यासारखं असलं म्हणून ताट भरत नाही.

मग करायचं काय? मागण्या मोजून घ्या.

एक. चौकशी करणारा असा नेमा की ज्याची चौकशी होऊ शकते त्याचा एकट्याचा शब्द चालणार नाही.

दोन. मुदत पक्की द्या, एकदाच द्या. वाढ नाही, रिन्यूअल नाही, निवृत्तीनंतर राज्यपाल नाही, आयोग नाही, खासदारकी नाही.

तीन. मुदतीआधी काढायचं तर कारण लिहून द्या आणि त्या कागदावर कोर्टात भांडता येऊ द्या. खालच्या तपास अधिकाऱ्याच्या बदलीलाही हेच. डोकं जागेवर ठेवून हात तोडला तर चौकशी तशीच मेली.

चार. परवानगीची चावी सरकारच्या खिशातून काढा. खोट्या तक्रारीपासून अधिकाऱ्याला जपायचं असेल तर ते न्यायाधीशानं जपावं.

पाच. अहवाल ठरल्या तारखेला लोकांपुढं. मराठीत. तेव्हाच्या सरकारला तो आवडो न आवडो.

कायदा नुसता केला म्हणून होत नाही हेही ध्यानात ठेवा. लोकायुक्ताचा कायदा महाराष्ट्रानं १९७१ ला केला. दिल्लीला लोकपालाचा कायदा करायला २०१३ उजाडलं. आणि कायदा झाल्यावर पहिला लोकपाल खुर्चीवर बसायला मार्च २०१९ यावा लागला. पाच वर्षं कुलूप होतं, रखवालदार नव्हता.

याच मुंबईत १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांच्यावर आरोप झाला की कंट्रोलच्या सिमेंटच्या बदल्यात बिल्डरांकडून ट्रस्टला देणग्या घेतल्या. ते वर्तमानपत्रानं छापलं, लोक कोर्टात गेले, आणि १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी उघड्या कोर्टात निकाल दिल्यावर अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढं फौजदारी खटला मात्र परवानगी कुणाची आणि कोर्ट कुठलं यावरच सुप्रीम कोर्टापर्यंत फिरत राहिला, १९८४ ला एक निकाल, १९८८ ला सात न्यायाधीशांचा दुसरा. वाचनालयात बसून हे निकाल वाचा. इंग्रजी अडलं तर चार जण मिळून वाचा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: आपल्या जिल्ह्यात समाजकल्याणच्या किती चौकश्या चालू आहेत, किती परवानगीसाठी अडल्या, किती दिवस झाले. दहा रुपयांचा अर्ज. उत्तर आलं की भिंतीवर लावा. आलं नाही तर तेही भिंतीवर लावा.

आणि मत मागायला येईल त्या प्रत्येकाला एकच सवाल टाका, आपल्या माणसाला आधी टाका: तुझ्यावर आरोप झाला तर चौकशी करणाऱ्याला हात लावणार नाहीस, असं आत्ता, लोकांसमोर लिहून देतोस? रिचर्डसननं आधी शब्द दिला होता म्हणून त्या रात्री त्याला पळवाट राहिली नाही. आपण तो शब्द आधी घेऊन ठेवू. जो देणार नाही त्याच्या मिरवणुकीत आपला एकही पोरगा नाचणार नाही.

आत्ता बसल्या बसल्या अर्जाचा मसुदा करू. कागद आणलेत. ज्यांचं अक्षर बरं आहे त्यांनी पुढं या.

जय भीम.